पडद्यावरची बाटली नक्की कुठली? गूगल लेन्सचा कस

मालिकेतल्या नायिकेच्या ड्रेसिंग टेबलवरची ती बुटकी, सोनेरी झाकणाची बाटली खरी आहे का, आणि खरी असेल तर कुठली, हा प्रश्न पडला की हात आपसूक गूगल लेन्सकडे जातो. फुकट आहे, फोनमध्ये आधीपासून असते, आणि फोटो दिला की दोन सेकंदांत चाळीस बाटल्या समोर मांडते. त्या चाळीसांत आपली असते का, हे इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगतो. बाटलीचा आकार खास असेल तर लेन्सला तोड नाही. लेबलवरची अक्षरं वाचता येण्याजोगी असतील तर ती बऱ्यापैकी भरवशाची. पण तपकिरी काचेची साधी ड्रॉपरवाली बाटली किंवा पांढरी पंपाची बाटली असेल, तर सगळा मामला अंदाजपंचे दाहोदरसे. लिपस्टिकच्या शेडसाठी लेन्स वापरायचीच नाही. त्याचं कारण पुढे येईल.

लेन्सच्या कामाची पद्धत एकदा कळली की तिच्यावर विनाकारण चिडायला होत नाही. २०१७ मध्ये आलेली ही सेवा चित्रातला आकार, रंग, पोत आणि अक्षरं बघते आणि इंटरनेटवरच्या चित्रांत त्यांच्याशी मिळतंजुळतं शोधते. म्हणजे आपण विचारतो ‘ही कुठली?’ आणि ती सांगते ‘हिच्यासारख्या दिसणाऱ्या या’. दुकानांच्या पानांवर आज विकायला असलेल्या वस्तूंचे स्वच्छ, पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो ढिगाने असतात, त्यामुळे उत्तरांचा कलही तिकडेच. दहा वर्षांपूर्वी बंद झालेली क्रीमची डबी पडद्यावर असेल तर लेन्स तिची आजची चुलतबहीण दाखवते, आणि तीही पूर्ण आत्मविश्वासाने.

म्हणून खरं काम लेन्स उघडण्याआधीचं आहे: तिला कुठली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं कुठलं स्थिर चित्र, द्यायचं.

आधी थोडं गणित. १०८० पी चित्राची उंची १०८० पिक्सेल. मिड शॉटमध्ये, म्हणजे माणूस कमरेपासून वर दिसतो तेव्हा, टेबलवरची बाटली चित्राच्या उंचीच्या साधारण दहाव्या भागाएवढी असते, म्हणजे १०० पिक्सेलच्या आसपास. तिच्यावर ब्रँडचं नाव बाटलीच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढं असेल तर अक्षरं उरली पाच पिक्सेलची. अक्षर वाचणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमना साधारण १५ ते २० पिक्सेल उंचीचं अक्षर लागतं. तेव्हा मिड शॉटमधलं लेबल लेन्सला वाचता आलं नाही, तर तो तिचा दोष नाही; तिथे वाचायला काही नसतंच. ४ के चित्रात हाच आकडा दुप्पट होतो, तरी दहावरच थांबतो. लेबल वाचायचं असेल तर क्लोजअप शोधा. एकाच सेटवर दहा भाग चित्रित होतात, तीच बाटली तिथेच ठेवलेली असते, आणि कुठल्या तरी भागात पात्र तिच्या शेजारचा कंगवा उचलतं. तेवढा एक शॉट पुरतो.

फ्रेम निवडताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, हालचाल. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रणात प्रत्येक फ्रेम सहसा सेकंदाच्या ४८व्या भागाएवढा वेळ उघडी असते. तेवढ्यात हातातली बाटली हलली की तिच्या कडा पसरतात आणि लेन्सच्या नजरेत बाटली बुटकी किंवा जाडी होते. उचलताना किंवा ठेवताना हात क्षणभर स्थिर होतो, ती फ्रेम घ्या. दुसरी, कॉम्प्रेशन, म्हणजे व्हिडिओ लहान करण्यासाठी गाळलेला तपशील. दृश्य बदलल्या बदलल्या चित्र बऱ्याचदा जरा मऊ असतं. कॅमेरा स्थिर असेल तर पुढच्या अर्ध्या-एक सेकंदात तपशील भरत जातो. स्ट्रीमिंगवर मागे-पुढे उडी मारल्यावर तर पहिले काही सेकंद कमी दर्जाचं चित्र येतं, तेव्हा दहा सेकंद आधीपासून चालू करून त्या जागी पोहोचा. यूट्यूबवरच्या ट्रेलरमध्ये पॉज करून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागे-पुढे जाता येतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ ही कळ पुढच्या फ्रेमसाठी, आणि शिफ्टसह ‘एस’ दाबलं की ती फ्रेम साठवली जाते. एका बाटलीसाठी तीन-चार वेगवेगळ्या कोनांतल्या फ्रेम काढा. एकीत झाकण नीट दिसतं, एकीत खांदा, एकीत लेबल.

बऱ्याच स्ट्रीमिंग अ‍ॅपवर स्क्रीनशॉट काळा येतो, कारण व्हिडिओला कॉपी-संरक्षण असतं. त्याच्याशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्या मालिकेचा अधिकृत ट्रेलर आणि प्रसिद्धीची छायाचित्रं आधी पाहा. सेटवर काढलेली स्थिर छायाचित्रं व्हिडिओच्या फ्रेमपेक्षा कितीतरी सुस्पष्ट असतात. तेही नसेल तर टीव्हीचा फोटो दुसऱ्या फोनने काढायचा. यात सगळ्यांची एकच चूक होते: टीव्हीला नाक लावून फोटो काढणं. पडद्याच्या पिक्सेलची जाळी आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर येऊन लहरींसारखे पट्टे उमटतात, आणि लेन्स त्यांना काचेवरचं नक्षीकाम समजते. दीड-दोन मीटर मागे जा, दुप्पट झूम करा, फोन कशावर तरी टेकवा. खोलीतले दिवे बंद, टीव्हीचा उजेड निम्मा. बाटलीवर टॅप करून फोकस करा आणि एक्सपोजर थोडं खाली ओढा, नाहीतर काचेवरची चमक सगळं गिळते. आडवे काळे पट्टे येत असतील तर प्रो मोडमध्ये शटर १/६० किंवा १/५० वर, किंवा त्याहून संथ ठेवा. टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. ते दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः रचतं. ‘व्हिव्हिड’ चित्रही बंद. पॉज केल्यावर पडदा अंधुक करणारी बटणं निघून जाईपर्यंत थांबा.

एक सक्त मनाई. धूसर लेबल ‘एआय’ने सुस्पष्ट करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून मग लेन्सला देऊ नका. ती अ‍ॅप नसलेली अक्षरं बनवतात. आठ पिक्सेलच्या डागातून सुरेख वळणदार नाव उगवतं आणि त्या नावाचा ब्रँड शोधत बसायची पाळी येते. मोठं करायचंच असेल तर साध्या फोटो एडिटरमध्ये दुप्पट करा, कॉन्ट्रास्ट किंचित वाढवा, बस.

आता लेन्स. इथे क्रॉप हेच सगळं कौशल्य आहे. पूर्ण फ्रेम दिली तर लेन्स नटीचा चेहरा ओळखते, मालिकेचं नाव सांगते आणि खूश होते. चौकटीचे कोपरे ओढून फक्त बाटली ठेवा, पण अगदी कातरून नको. चहूबाजूंनी दहावा भाग मोकळा राहू द्या, नाहीतर कड कुठे संपते हे तिला कळत नाही. मग त्याच चित्रावर दुसरा शोध फक्त झाकण आणि मानेचा, आणि तिसरा फक्त लेबलचा. तिन्ही शोधांत जे नाव पुन्हा पुन्हा येतं ते उमेदवार. चित्रासोबत शब्द जोडण्याची सोय २०२२ मध्ये आली आणि तिने बराच फरक पडला: ‘सीरम’, ‘हँड क्रीम’, ‘फ्रॉस्टेड ग्लास’, ‘गोल्ड कॅप’ असे इंग्रजी शब्द टाका, कारण उत्पादनांची बहुतेक पानं इंग्रजीत असतात. अँड्रॉइडच्या काही फोनवर २०२४ पासून ‘सर्कल टू सर्च’ आहे. ते झटपट आहे, पण बोटाने काढलेल्या वर्तुळात शेजारची बाटलीही शिरते. नेमकेपणासाठी लेन्सची चौकटच बरी.

लेबल आरशात दिसत असेल तर आधी चित्र आडवं उलटवून घ्या. ड्रेसिंग टेबलच्या दृश्यांत हे सतत होतं: कॅमेरा आरशात बघत असतो, बाटलीची पाठ आपल्याकडे आणि नाव आरशात. उलटी अक्षरं लेन्स एक तर वाचत नाही, किंवा भलत्याच लिपीची समजते. हा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे.

कुठल्या वस्तूला किती यश येतं, ते आता पाहू. परफ्यूमच्या बाटल्या लेन्सचं माहेर. १९९२ च्या म्युगलर ‘एंजेल’चा तारा, १९९३ च्या जाँ पॉल गोतिएचा स्त्रीदेह, १९९९ च्या डिऑर ‘जादोर’ची सोनेरी कडी घातलेली उंच मान, २०१६ च्या कॅरोलिना हेरेरा ‘गुड गर्ल’ची टाचेची चप्पल: या बाटल्या त्या-त्या सुगंधासाठीच घडवलेल्या आहेत. पाठमोऱ्या असल्या, अर्ध्या झाकल्या असल्या, तरी सापडतात. मात्र त्याच बाटलीत तीव्र ओ द परफ्यूम आहे की सौम्य ओ द टॉयलेट, किंवा ती मूळ आवृत्ती आहे की नंतरची एखादी, हे लेन्स सांगू शकत नाही. फरक द्रवाच्या रंगाचा आणि लेबलवरच्या एका बारीक ओळीचा असतो, आणि पडद्यावरचा रंग कलरिस्टने, म्हणजे चित्रणानंतर रंग ठरवणाऱ्याने, बदललेला असतो. तिथे नावाशी थांबा.

लिपस्टिकची नळी ओळखता येते, शेड नाही. मॅकची बंदुकीच्या गोळीच्या घाटाची काळी नळी, गेर्लां ‘रूज जी’चं आरसा उघडणारं झाकण यांना लेन्स चटकन पकडते. शेडची गोष्ट वेगळी. सेटवरचा प्रकाश, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, नंतरचं कलर ग्रेडिंग आणि तुमच्या पडद्याचं सेटिंग अशा चार गाळण्यांतून तो लाल आलेला असतो. शिवाय ओठांवर सहसा एकटी लिपस्टिक नसते. खाली लायनर असतं, वर कधी बाम किंवा दुसरी शेड. दात, टॉवेल, कागद असं काही पांढरं फ्रेममध्ये असेल तर ते किती पिवळं किंवा निळं झालंय यावरून शेड उबदार की थंड एवढं कळतं. आणि हातातली नळी ओठांवरच्याच रंगाची असेल, हेही गृहीत धरू नका. नटीच्या ओठांवरचा रंग मेकअप विभागाचा, हातातली नळी प्रॉप्सवाल्यांची. दोन खाती वेगळी.

हीच फसगत क्रीमच्या डब्यांत होते. पात्र डबीतून बोटभर क्रीम घेऊन गालाला लावतं, तेव्हा आत मूळ उत्पादन असेलच असं नाही. नटीच्या त्वचेला चालणारं, दहा टेकमध्येही न चिकटणारं काहीतरी भरलेलं असू शकतं. ‘पडद्यावर कसं मुरलं बघा’ यावरून डबीची परीक्षा करू नये.

नेलपॉलिशच्या बाबतीत लेन्स अपेक्षेपेक्षा चांगली निघते, कारण झाकणं बोलकी असतात: ओपीआयचं उभ्या खाचांचं काळं झाकण, एसी (Essie) या ब्रँडची चौकोनी बाटली, पांढरं झाकण आणि काचेत उठवलेलं नाव. ट्यूब मात्र रडवतात. दाबलेली ट्यूब दर वेळी वेगळ्या आकाराची, त्यामुळे रंगाचे पट्टे आणि झाकणाचा घाट यांवरच भिस्त. मस्कारात मेबेलिन ‘ग्रेट लॅश’ची गुलाबी नळी आणि हिरवं झाकण धूसर पार्श्वभूमीतही ओळखू येतं, तिथे लेन्सची गरजही नाही.

सगळ्यात वाईट गत तपकिरी ड्रॉपर बाटलीची, आणि नेमकी तीच आजच्या प्रत्येक मालिकेतल्या बाथरूममध्ये असते. हिला ‘बॉस्टन राउंड’ म्हणतात: गोल खांदे, आखूड मान, ३० मिलीच्या बाटलीला बहुधा २०-४०० मापाचं (सुमारे २० मिलीमीटर रुंद) तोंड. या बाटल्या तयार मिळतात. असंख्य ब्रँड त्याच घेतात आणि वर आपापलं लेबल चिकटवतात. काचेवरून ब्रँड ओळखणं म्हणजे पांढऱ्या लिफाफ्यावरून पत्र कोणाचं हे सांगणं. इथे फक्त लेबलची मांडणी कामाची: नाव वर की मध्ये, आडवी रेघ आहे का, खालचा तिसरा भाग मोकळा आहे का, लेबल बाटलीला पूर्ण वेढतं की पुढेच चिकटवलंय. लेन्सने दिलेल्या पहिल्या वीस उत्तरांत यांपैकी तीन खुणा जुळणारी बाटली नसेल तर शोध सोडा.

शिवाय कलाविभाग आपल्या विरुद्ध काम करत असतो. ब्रँडची परवानगी नसते, किंवा मालिकेच्या जाहिरातदाराचा प्रतिस्पर्धी दाखवायचा नसतो, म्हणून लेबलं झाकली जातात. इंग्रजीत याला ‘ग्रीकिंग’ म्हणतात. बाटली पाठमोरी वळवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. त्यानंतर नावातल्या एक-दोन अक्षरांवर मार्कर किंवा त्याच रंगाची टेप, किंवा नाव झाकणारी चिकटपट्टी. काचेवर दिव्याची चमक येऊ नये म्हणून फवारतात तो डलिंग स्प्रे लेन्सला हमखास चकवतो: पारदर्शक काच दुधी दिसते आणि उत्तरांत फक्त दुधी काचेच्या बाटल्या येतात. शेजारची आरशाची चौकट किंवा नळही तसाच मंद दिसत असेल तर स्प्रेचा संशय घ्या आणि सोबतच्या शब्दांत ‘क्लिअर ग्लास’ टाकून पुन्हा शोधा.

कधी लेबल स्वच्छ वाचता येतं आणि तरी काही सापडत नाही. मग ब्रँडच बनावट असण्याची शक्यता मोठी. वाचलेलं नाव अवतरणचिन्हांत घालून साधा शोध करा. उत्तरं फक्त त्या मालिकेच्या चाहत्यांच्या पानांवर असतील तर नाव कल्पित. ‘मॅड मेन’ (२००७ ते २०१५) या अमेरिकन मालिकेत दोन्ही प्रकार आहेत: त्यातली ‘बेल जॉली’ लिपस्टिक कल्पित, आणि पॉन्ड्स कोल्ड क्रीम खरं. साधारण कल असा की कथेत जिच्यावर संवाद आहेत ती वस्तू एक तर बनवलेली असते किंवा करार करून आणलेली. मागे टेबलवर गर्दी करून ठेवलेल्या वस्तू बहुधा खऱ्या, घाऊक आणलेल्या. लेन्सचा वेळ मागच्या गर्दीवर घालवा.

करार करून आणलेली वस्तू शोधायला लेन्सपेक्षा नियम जास्त उपयोगी. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०११ पासून टीव्हीवर प्रॉडक्ट प्लेसमेंटला (पैसे घेऊन कार्यक्रमात वस्तू दाखवायला) परवानगी आहे, आणि तसं काही असलेल्या तिथल्या कार्यक्रमावर सुरुवातीला, शेवटी आणि जाहिरातींनंतर ‘पी’ हे चिन्ह दाखवावं लागतं. दक्षिण कोरियात २०१० मध्ये परवानगी मिळाली. कोरियन मालिकांच्या शेवटच्या श्रेयनामावलीत प्रायोजकांची चिन्हं ओळीने येतात. त्यांत एखादी प्रसाधन कंपनी असेल तर नायिकेच्या पर्समधली कुशन डबी (स्पंजात मुरवलेल्या फाउंडेशनची) तिचीच असण्याची शक्यता दांडगी. तिथे आधी श्रेयनामावली, मग कंपनीचं नाव जोडून लेन्स.

उमेदवार सापडल्यावर पडताळणी. झाकणाची उंची भागिले बाटलीची उंची, हे गुणोत्तर पडद्यावरच्या आणि दुकानाच्या फोटोत मोजा. बाटली आपल्याकडे कललेली असेल तर ते बिघडतं, म्हणून समोरून दिसणारी फ्रेमच घ्या. आकारमानासाठी शेजारची वस्तू बघा: बंद लिपस्टिक सात-आठ सेंटिमीटर, दात घासायचा ब्रश अठरा-एकोणीस, मोठ्या माणसाच्या तळव्याची रुंदी आठच्या आसपास. ३०, ५० आणि १०० मिलीच्या बाटल्या एकट्या दिसल्या तर जुळ्या वाटतात.

मग तारीख. भागाचं चित्रण कधीचं आणि त्या रूपातली बाटली बाजारात कधी आली, हे जुळलं नाही तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही. एस्टे लॉडरची तपकिरी ‘नाइट रिपेअर’ १९८२ पासून आहे, पण नाव आणि लेबल तेव्हापासून बदलत आलंय. लेन्स मात्र आजची आवृत्ती पुढे करते. जुन्या काळावरच्या मालिकांत हा मुद्दा मजेशीरच होतो. ‘ग्रेट लॅश’ १९७१ चा, क्लिनिक (Clinique) या ब्रँडचं पिवळं लोशन १९६८ चं. त्याआधीच्या दृश्यात ते दिसलं तर प्रॉप्सवाल्यांची चूक. निव्हियाची निळी-पांढरी डबी १९२५ पासूनची, ती बिनधास्त चालते. शनेल नं. ५ हे १९२१ चं, पण बाटलीच्या कडा पैलूदार झाल्या १९२४ मध्ये. डबीच्या बुडाशी बारकोड दिसला तर दृश्य १९७४ च्या आधीचं असू शकत नाही. उघड्या डबीचं चिन्ह आणि त्यात ‘१२ एम’ (उघडल्यावर बारा महिने चालेल) असं काही दिसलं, तर ती वस्तू बहुधा २००५ नंतरची, कारण युरोपीय संघात ते तेव्हापासून लागू झालं.

पर्याय म्हणून टिनआय लोक सुचवतात. ती २००८ पासूनची सेवा वेगळं काम करते: तेच चित्र आणखी कुठे आहे ते शोधते, त्यातल्या वस्तूसारखी वस्तू नाही. बाटली तिला ओळखता येणार नाही, पण हातातलं प्रसिद्धीचं छायाचित्र लहान असेल तर तिथे टाकून उत्तरं ‘सर्वांत मोठं चित्र’ या क्रमाने लावा. मोठी प्रत मिळाली की ती घेऊन पुन्हा लेन्सकडे, आणि या वेळी क्रॉप फक्त लेबलचा.